आधी कड बघायला शीक

कुठलं प्लगिन घेऊ, हे तू पहिल्याच फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर मी देणार आहे, नावानिशी देणार आहे, पण शेवटी. तुझ्याकडे आज जे शॉट आहेत, लग्नातले, आंब्याच्या पेटीच्या जाहिरातीतले, शिमग्याच्या पालखीचे, त्यांतला एकही प्लगिनवाचून अडलेला नाही. अडलंय ते नजरेपाशी. कॉम्पोझिटिंग म्हणजे दोन वेगळ्या वेळी, वेगळ्या उजेडात घेतलेली चित्रं एकाच क्षणाची वाटतील अशी जोडणं. ज्याला खरा उजेड वाचता येत नाही, त्याला खोटा उजेड लावता येत नाही. आणि उजेड वाचायला शिकण्यासाठी तुला रत्नागिरी सोडून कुठेही जायची गरज नाही.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जा आणि उत्तरेला रत्नदुर्गाकडे तोंड करून उभा राहा. जवळच्या होडीच्या पोटातली सावली खरोखर काळी असते. किल्ल्याच्या कड्यातली सावली काळी नसते, ती निळसर राखी असते, कारण तुझ्या आणि तिच्यामध्ये दमट हवेचा जाड थर आहे. दीपगृहाचा पांढराही भर पांढरा नसतो. वस्तू जितकी लांब, तितका तिचा काळा वर येतो आणि पांढरा खाली उतरतो. हे मोबाइलवर टिपून आण, संगणकावर आयड्रॉपर फिरव आणि आकडे वहीत लिहून ठेव. नवशिक्याने लांबच्या डोंगरावर बसवलेलं देऊळ चिकटवल्यासारखं दिसतं ना, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं: देवळाचा काळा डोंगराच्या काळ्यापेक्षा काळा असतो. शॉट हातात आला की मी अजूनही पहिल्यांदा काळा जुळवते, मग पांढरा, आणि रंगाला हात लावते तो त्यानंतर.

दुसरा धडा वाळूचा. मांडवीला आपण काळा समुद्र म्हणतो आणि मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. एकाच मित्राला पांढरा शर्ट घालून दोन्हीकडे भर दुपारी उभं कर. काळ्या वाळूवर त्याच्या हनुवटीखाली, नाकाखाली, भुवयांखाली अंधार साचतो. पांढऱ्या वाळूवर तोच चेहरा खालून उजळतो. मग त्याला जांभ्याच्या गडग्याशेजारी उभं कर, शर्टाच्या त्या बाजूला तांबूस झाक येईल. श्रावणात भाताच्या खाचरात उभं कर, हिरवी येईल. स्टुडिओत पडद्यासमोर घेतलेला माणूस तू ज्या जमिनीवर नेऊन ठेवणार, त्या जमिनीचा उजेड त्याच्या अंगावर खालून दिसला पाहिजे. कुठलंही बटण हे आपोआप करत नाही. करतं म्हणणारी आहेत, पण त्यांना तुझी जमीन कुठली ते माहीत नसतं.

पावसाळ्यात आभाळ गच्च असतं तेव्हा सावलीला कडच नसते, पायाखाली नुसता काळोखाचा डाग असतो. ऑक्टोबरच्या उन्हात तीच सावली धारदार होते. म्हणून प्लेट, म्हणजे मागचं मूळ चित्रण, घेतानाच सावलीचा एक फोटो काढून ठेवत जा.

आता थोडं गणित. घाबरू नकोस, शाळेतल्या वजाबाकी-गुणाकारापलीकडचं काही नाही, पण ते हाताला बसल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. चित्राला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात. चौथा अल्फा: त्या बिंदूवर वस्तू किती आहे हे सांगणारा, 0 ते 1 मधला आकडा. ही कल्पना एड कॅटमुल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी 1977 च्या सुमारास मांडली आणि थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी 1984 च्या निबंधात तिचं पूर्ण व्याकरण बांधलं. त्यातली 'ओव्हर' ही क्रिया तू दिवसभर करतोस, आफ्टर इफेक्ट्समध्ये एका लेयरवर दुसरा ठेवलास की तीच घडते. 1 मधून पुढच्या चित्राचा अल्फा वजा करायचा, आलेल्या आकड्याने मागचं चित्र गुणायचं आणि त्यात पुढचं चित्र मिळवायचं. एवढंच. पण यात पुढचं चित्र आधीच आपल्या अल्फाने गुणलेलं आहे असं धरलेलं असतं. ते प्रीमल्टिप्लाय झालंय की नाही हे न बघता जोडलंस, तर दोनदा गुणलेलं चित्र कडेला काळी रेघ दाखवतं आणि न गुणलेलं पांढरा कोंडा सांडतं. अशी रेघ दिसली की नवशिके एज खाणारं प्लगिन लावतात आणि केसांची टोकं घालवतात. तू आधी फाइल कशी वाचली गेलीय ते बघ. रंग बदलायचा असेल तर आधी अल्फाने भाग, मग रंग बदल, मग परत गुण.

दुसरं गणित प्रकाशाचं. 8 बिटच्या चित्रात 0 ते 255 आकडे असतात, म्हणून 128 म्हणजे निम्मा प्रकाश असं वाटतं. तसं नाही. पडद्यासाठी वाकवलेल्या त्या आकड्यांत 128 म्हणजे जेमतेम 22 टक्के प्रकाश. धूसरपणा, मोशन ब्लर, दिव्याची प्रभा हे सगळं निसर्गात सरळ प्रकाशावर घडतं, वाकवलेल्या आकड्यांवर नाही. म्हणून प्रोजेक्ट 32 बिटवर ठेवून लिनिअरमध्ये काम कर. न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळातच तसं असतं, आफ्टर इफेक्ट्समध्ये सेटिंगमध्ये जाऊन लावावं लागतं. एकच समईची ज्योत दोन्ही पद्धतींनी धूसर करून बघ. लिनिअरमध्ये ती खऱ्या ज्योतीसारखी फुलते, दुसऱ्यात राखी डाग होते. महागड्या ग्लो प्लगिनच्या जाहिरातीत जी जादू दिसते, तिचा मोठा भाग या एका सेटिंगचा असतो.

आता हाताचं काम. मुंबईत नव्या माणसाला पहिल्यांदा रोटोच्या, म्हणजे फ्रेमगणिक वस्तूची कड हाताने कापण्याच्या, टेबलावर बसवतात. परदेशी चित्रपटांचं रोटो आणि पेंटचं मोठं काम भारतात होतं. मुंबईत सुरू झालेली प्राइम फोकस 2014 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली, आणि तेव्हापासून जगातल्या मोठ्यात मोठ्या चित्रपटांची चित्रं या शहरातल्या पडद्यांवरून जातात. रोटोला हलकं काम समजणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. ज्याने रोटो मन लावून केलं, त्याला पुढे कडेबद्दल काही शिकवावं लागत नाही.

रोटो करताना माणसाची एक अखंड बाह्यरेषा कधीच काढू नकोस. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्यास ना, जिथे सांधा तिथे वेगळा तुकडा. दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, पंजा वेगळा, गरज असेल तर बोटं वेगळी. तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले. मग प्रत्येक तुकडा बहुतांशी नुसता सरकतो आणि फिरतो, त्याचे बिंदू ओढावे लागत नाहीत. आपल्याकडे 25 फ्रेमला एक सेकंद, म्हणजे 4 सेकंदांच्या शॉटला 100 फ्रेम. पहिल्यापासून एकेक फ्रेम पुढे जाशील तर कड थरथरणार, हे ठरलेलं. आधी हालचालीची टोकं शोध, जिथे हात थांबतो किंवा दिशा बदलतो. तिथे कीफ्रेम दे. मग दोन कीफ्रेमच्या मध्यावर, मग त्या अर्ध्याच्या मध्यावर. जितक्या कमी कीफ्रेम, तितकी शांत कड. केसांना रोटो करू नकोस. डोक्याचा घट्ट भाग रोटोने घे आणि मोकळे केस पडद्याचा रंग वगळून, म्हणजे की काढून, किंवा रंगवून परत आण.

आता रोटो ब्रशसारखी साधनं माणूस आपोआप वेगळा काढतात आणि दरवर्षी सुधारताहेत. ती जरूर वापर. त्यांनी दिलेला मॅट, म्हणजे कापलेल्या आकाराचा अल्फा, पहिला हात म्हणून घे, राखी पार्श्वभूमीवर ठेव, गॅमा वर चढव आणि पळवून बघ. कड उकळताना दिसेल. ती शांत करायला तुला हाताचं रोटो यावंच लागेल.

एकेक फ्रेम हाताने करण्याचा हा धीर आपल्याकडे नवा नाही. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर येण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपून छोटी फिल्म केली आणि पैसे लावणाऱ्याला ती दाखवली. त्यांच्या 1919 च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात बघ. फाळक्यांच्या लेकीचा, छोट्या मंदाकिनीचा, साधा चेहरा विरत विरत कृष्ण होतो. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम'मधलं शेवटचं गरुडाचं दृश्य आणि 1940 च्या 'संत ज्ञानेश्वर'मधली चालणारी भिंत फ्रेम थांबवून बघ आणि जोड कुठे आहे ते शोध. कृष्णधवल चित्रात फसवायला रंगच नाही, सगळी भिस्त उजळपणावर. म्हणून तुझंही काम पुरं झालं की रंग काढून टाकून एकदा बघत जा. मग लाल, हिरवा, निळा चॅनल एकेकटा बघ. रंगीत चित्रात बेमालूम वाटणारा जोड निळ्या चॅनलमध्ये हमखास उघडा पडतो.

हिरव्या पडद्याबद्दल मात्र तुला सविस्तर सांगायला हवं, कारण तुझी निम्मी कामं लग्नाची आहेत.

हिरवा पडदा सगळीकडे दिसतो याचं कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याला पाव-पाव वाटा. हिरवा चॅनल सगळ्यांत स्वच्छ, म्हणून की स्वच्छ निघते. फिल्मच्या जमान्यात निळा पडदा चालायचा. पेट्रो व्लाहोस यांनी 'बेन-हर'साठी, 1959 साली, निळ्या पडद्यावरून केसांसकट कड काढायची जी रीत बसवली, तिच्याच रंगांच्या वजाबाकीवर आजचे कीअर उभे आहेत. आता आपली नवरी बघ. हातात हिरवा चुडा, पुष्कळदा हिरवी साडी, अंगाला हळद. हिरव्या पडद्यासमोर तिला उभी केलीस की चुड्याला भोकं पडणार आणि मनगटातून मागचा समुद्र दिसणार. तिच्यासाठी निळा पडदा लाव. निळ्या चॅनलमध्ये दाणे जास्त असतात, म्हणून उजेड जरा वाढव आणि आयएसओ खाली ठेव. हळदीला निळ्याचा फायदाच आहे, कारण हळदीत निळा जवळजवळ नसतोच.

काम हिरव्यावर घेऊनच आलं तर? आधी कडेला पडलेली हिरवी झाक, स्पिल, कशी काढतात ते समजून घे. नेहमीचा नियम असा की हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचा नाही. हळद लावलेल्या गालाचा बिंदू समज 220, 180, 40 असा आहे. लाल-निळ्याची सरासरी 130. नियमाने हिरवा 180 वरून 130 वर आला आणि हळद नारिंगी झाली. नवरीची आई ते पहिल्या नजरेत ओळखते, तिला गणित लागत नाही. तिथे नियम बदल: हिरवा फक्त लालच्या वर जाऊ नये, एवढंच सांग. 180 हा 220 च्या खालीच आहे, हळदीला धक्का लागत नाही आणि पडद्याची हिरवी झाक तरीही जाते. जरीलाही हाच नियम लाव. चुडा मात्र वेगळ्या मॅटने वाचवावा लागेल, त्याला ट्रॅक करून रोटो कर आणि त्या भागाला की आणि स्पिल दोन्हींतून वगळ.

एका कीअरने सगळं निघत नाही, निघायला नकोच. पडद्याच्या बाहेरचा कचरा ढोबळ मास्कने उडव. शरीराचा आतला भाग एका कडक मॅटने भरून घे. केसांसाठी आणि ओढणीसाठी तिसरा, मऊ मॅट काढ. तिन्ही जोडून एक अल्फा. आणि चित्रण करताना माणूस पडद्यापासून 8-10 फूट पुढे उभा कर, पडद्याचा उजेड वेगळा, माणसाचा वेगळा. वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 वर, नाहीतर दिवे लपलपतात आणि की दर फ्रेमला बदलते.

तुझा कॅमेरा 8 बिट, 4:2:0 लिहितो. म्हणजे 1920 बाय 1080 च्या चित्रात रंगाची माहिती 960 बाय 540 इतकीच असते, म्हणून तुझ्या कीच्या कडेला पायऱ्या दिसतात. प्लगिन बदलून त्या जाणार नाहीत. 4के वर चित्रण कर आणि 1080 मध्ये खाली आण, रंगाची माहिती नेमकी 1920 बाय 1080 उरते. हा उपाय फुकट आहे.

ट्रॅकिंगबद्दल दोनच गोष्टी. लाटा, माडाच्या झावळ्या, पताका यांच्यावर ट्रॅक लावू नकोस. किल्ल्याचा बुरूज, दीपगृह, जांभ्याची भिंत यांच्यावर लाव. आणि सपाट पृष्ठभाग असेल तर बिंदूपेक्षा मोका या साधनाचा प्लेनर ट्रॅक भरवशाचा.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर माझं मत स्पष्ट आहे. मोशन ग्राफिक्स म्हणजे हलती अक्षरं, बोधचिन्हं, जाहिरातीतले आकडे, यांना आफ्टर इफेक्ट्स उत्तम. 1993 मध्ये ते आलं तेव्हापासून त्याच्या लेयरच्या पद्धतीवर हजारो लोकांनी साधनं बांधली आहेत. पण कॉम्पोझिटिंग शिकायला नोड, म्हणजे एकेका पायरीचा वेगळा, रेघांनी जोडलेला डबा, हवेत. कुठली पायरी कुठून आली आणि कुठे गेली ते नोडमध्ये डोळ्यांसमोर राहतं. फ्यूजन हे दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मिळतं, त्यावर सुरू कर. हात बसला की न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती घे. ती एचडीपेक्षा मोठं चित्र बाहेर देत नाही आणि पैशाच्या कामाला तिची परवानगी नाही, पण मुंबईच्या स्टुडिओत मागतात ती भाषा तीच.

आणि कुठल्याही सॉफ्टवेअरशी लग्न लावू नकोस. एके काळी मोठमोठे चित्रपट शेकवर व्हायचे. ॲपलने 2002 मध्ये ते विकत घेतलं आणि 2009 मध्ये बंद केलं. ज्यांना फक्त त्याची बटणं माहीत होती, त्यांना पुन्हा पहिलीत बसावं लागलं. ज्यांना ओव्हर, प्रीमल्टिप्लाय आणि कड माहीत होती, ते न्यूकवर जाऊन लगेच कामाला लागले.

आता अक्षरं. इथे तुला कुठलाही परदेशी धडा पुरणार नाही, म्हणून नीट ऐक. बाजारातली तयार शीर्षकं आणि अक्षर हलवणारी प्लगिनं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. रोमनमध्ये एक कळ, एक अक्षर, सगळी सुटी. देवनागरीत तसं नाही. 'रत्नागिरी' एकेक अक्षर उमटवणाऱ्या इफेक्टला दिलंस, तर मध्येच पाय मोडलेला त् दिसतो, मग त्याला न जुळतो. ग आधी येतो आणि ऱ्हस्व वेलांटी मागाहून उडी मारून त्याच्या पुढे बसते. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे कळतं. म्हणून टेक्स्टचं कुठलंही साधन घेण्याआधी मी चार शब्द टाकून बघते: रत्नागिरी, मिऱ्या, हर्णै, सुवर्णदुर्ग. पहिल्यात जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा ऱ्य, तिसऱ्यात रफार आणि दोन मात्रा एकाच अक्षरावर, चौथ्यात रफार दोनदा आणि उकारही दोनदा. हे चार शब्द सरळ उमटले तर पुढे बोलायचं. आफ्टर इफेक्ट्समध्ये अक्षरं फुटली तर आधी टेक्स्टच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपी जुळवणारा पर्याय निवडलाय का ते बघ.

रोमन शीर्षकात अक्षरांमधलं अंतर हळूहळू वाढवणं ही फार लोकप्रिय चाल आहे. देवनागरीत ती लावलीस की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडतात. आपल्याकडे शब्द हाच हलवायचा एकक धर. शब्द वर येऊ दे, ओळ उघडू दे, किंवा शिरोरेषा आधी डावीकडून उजवीकडे धावू दे आणि तिच्याखाली अक्षरं उतरू देत. त्यासाठी एक मास्क पुरतो. हे आपल्या लिपीचं स्वतःचं सौंदर्य आहे आणि ते दाखवणारी शीर्षकं अजून फार थोड्यांनी केली आहेत. तू कर.

अक्षरांचे शेप केलेस आणि त्यांना किनार किंवा पारदर्शकता दिलीस, तर जिथे अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढतात तिथे जोड दिसतो. सगळे पाथ आधी एकत्र कर, मग किनार दे. फॉन्ट युनिकोडच वापर. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू, मोदक हे मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. गिऱ्हाईक श्री-लिपीत टाइप केलेला मजकूर देईल, तो युनिकोडमध्ये बदलून घे आणि बदलल्यावर एकदा मोठ्याने वाच. फॉन्टमधला ल आणि श मराठी वळणाचा आहे ना, तेही बघ. लग्नपत्रिकेवरच्या आजोबांच्या नावात हिंदी वळणाचा ल आला तर ते त्यांना खटकतं, आणि त्यांचं खटकणं बरोबर असतं.

आता प्लगिन. जो परिणाम हवा, तो आधी सॉफ्टवेअरमधल्या साध्या साधनांनी हाताने कर. न जमला तरी चालेल, पण नेमका कुठे अडला ते एका वाक्यात लिही. 'धूर चांगला दिसत नाही' हे वाक्य चालणार नाही. 'होमाचा धूर माणसाच्या मागून पुढे येताना त्याच्यावर सावली पडत नाही' हे चालेल. ते वाक्य लिहिता आलं की कुठलं प्लगिन बघायचं हे निम्मं ठरतं, आणि पुष्कळदा विकत घ्यायची गरजच उरत नाही.

आफ्टर इफेक्ट्ससोबत कीलाइट येतं, मोका येतं, रोटो ब्रश येतो, सायकोरचे सीसी इफेक्ट्स येतात. यांच्यावर हात बसेपर्यंत काहीही विकत घेऊ नकोस. मोफतमध्ये व्हिडिओ कोपायलटचं सेबर आणि पात्रं हलवायला ड्यूइक, ही दोन जवळ ठेव. विकतच्यात पहिलं नाव मी नीट व्हिडिओचं घेईन, नाट्यमय काही नाही, नुसते दाणे काढणारं. तुझी नमन-जाखडीसारख्या लोककलांची रात्रीची चित्रणं, मंडपातला अपुरा उजेड, पावसाळी दिवस, सगळीकडे दाणे. पण ते वापरायची रीत लक्षात ठेव. दाणे काढलेल्या प्रतीवरून की आणि ट्रॅक काढ, चित्र मूळ प्रतीचंच ठेव. आणि बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर मूळ प्लेटसारखे दाणे परत टाक, चॅनलवार, निळ्यात सगळ्यांत जास्त.

त्यानंतर कणांसाठी ट्रॅपकोड पर्टिक्युलर. गुलाल, अक्षता, धुरळा, पावसाचे थेंब, शिमग्याच्या होळीच्या ठिणग्या, याला ते जन्मभर पुरतं. सॅफायर सुंदर आहे, पण ते मोठ्या कामाचं, तुझ्या हिशेबात अजून बसत नाही. ऑप्टिकल फ्लेअर्स सगळ्यांत शेवटी घे, आणि घेतलंस तरी सूर्य किंवा दिवा चौकटीत किंवा तिच्या अगदी काठाशी असेल तेव्हाच लाव. गणपतीच्या मुकुटावर विनाकारण चमकणारा फ्लेअर मूर्तिकाराने डोळ्यांत आणलेला भाव खाऊन टाकतो.

घेण्याआधी ते कुठे चालतं ते बघ. आफ्टर इफेक्ट्सची प्लगिनं वेगळी आणि ओपनएफएक्सची वेगळी. ओपनएफएक्स फ्यूजन, रिझॉल्व्ह, न्यूक, नॅट्रॉनमध्ये चालतात, आफ्टर इफेक्ट्समध्ये नाही. काही कंपन्या दोन्ही देतात, पण परवाना एकाचा की दोन्हींचा ते वाच. तो कायमचा आहे की वर्षाचा हेही. किंमत डॉलरमध्ये असते, वर कर असतो. वर्षाचा आकडा रुपयांत मांड आणि त्या साधनाने यंदा किती कामं होणार त्याला भाग. कंपन्या मालक बदलतात. मोका 2014 मध्ये बोरिस एफएक्सकडे गेलं, सॅफायर 2016 मध्ये. पर्टिक्युलर करणारी रेड जायंट 2020 मध्ये मॅक्सनमध्ये मिसळली. दर वेळी परवान्याचे नियम हलतात. म्हणून इन्स्टॉलर जपून ठेव, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये प्लगिनचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेव, आणि प्लगिन लावलेला प्रत्येक लेयर अल्फासकट ईएक्सआर किंवा प्रोरेस 4444 मध्ये रेंडर करून बाजूला ठेव. तीन वर्षांनी तोच बागायतदार तीच जाहिरात नव्या भावाने मागायला येईल, तेव्हा प्लगिन नसलं तरी शॉट उघडेल.

फोडलेली सॉफ्टवेअर घेऊ नकोस. त्यांतून येणारे व्हायरस गिऱ्हाइकाची लग्नं कुलपात बंद करतात, आणि ज्या माणसाने ते साधन रात्री जागून लिहिलं, तोही तुझ्यासारखाच कामगार आहे.

रेंडर नेहमी फ्रेमच्या क्रमिकेत काढ, एका सलग मूव्हीत नाही. पावसाळ्यात लाईट जाणारच. सलग मूव्ही अर्ध्यावर तुटली की पहिल्यापासून. क्रमिका असेल तर 1800 व्या फ्रेमवर गेलेली लाईट आली की 1801 पासून पुढे.

प्लगिन घेण्याआधी त्याचा डेमो बघ, पण तो फार आधी बसवून ठेवू नकोस, बहुतेकांची मुदत संपते. पाच क्लिपांचं एक फोल्डर कर: निळ्या पडद्यावरची हळदीची नवरी, नमनातलं रात्रीचं चित्रण, मांडवीची संध्याकाळ, हलत्या कॅमेऱ्यातली पालखी, आणि ते चार शब्द. जून लागला की कामं थंडावतात, तेव्हा एकेक डेमो उतरव आणि त्या पाचांवर चालव. जाहिरातीतल्या त्यांच्या क्लिपवर सगळंच छान दिसतं. डेमोवर कंपनीचा शिक्का उमटतो, त्याची चिंता करू नकोस, कड कशी निघते ते त्याच्या खालूनही दिसतं.